ट्रॅकबॉल अडखळतोय? आधी बेअरिंग बघा

जुन्या आर्केड मशीनचा (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचा, १९८० च्या मिसाइल कमांडसारख्या) ट्रॅकबॉल, म्हणजे हाताने फिरवून गेम खेळायचा बॉल, एका दिशेला छान पळतो आणि दुसरीकडे ढकलावा लागतो, तेव्हा लोक थेट नवीन सेटच्या किमती बघायला लागतात. थांबा जरा, बहुतेक वेळा दोष बेअरिंगचा असतो.

मशीन बंद करून प्लग काढा, बॉल बाहेर काढा, खाली तीन रोलर दिसतील. प्रत्येकाला बोटाने टिचकी मारायची. चांगला रोलर आवाज न करता फिरत राहतो, खराब झालेला खरखरतो किंवा लगेच थांबतो. त्याची दोन्ही टोकाची बेअरिंग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवा (माझ्या वाटीत सकाळी अक्षरशः काळा चहा झाला होता), पूर्ण वाळू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. ग्रीस नको, बॉल जड होतो. तरी खरखर राहिली तर बेअरिंगवरचा नंबर वाचून तसंच नवीन घ्या, सहाही एकदम बदलली तर उत्तम.

रोलरला बॉलने खोल खाच पाडली असेल तर मात्र रोलरच बदला, तिथे तेलपाणी करून काही होत नाही.

आणि बॉलला किंवा रोलरच्या मधल्या भागाला तेल अजिबात लागू देऊ नका, बॉल नुसता घसरतो.