स्वयंसेवक म्हणून काम करताय? या चुका टाळा

नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशी हमखास म्हणतो, "काहीही काम सांगा, कधीही बोलवा." ऐकायला छान वाटतं, पण संस्थेतल्या समन्वयकाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. "दर शनिवारी चार ते सहा, पुढचे तीन महिने" असं सांगणाऱ्याच्या भरवशावर वेळापत्रक लावता येतं. त्यामुळे जेवढं जमेल असं वाटतं, त्याच्या निम्म्यालाच हो म्हणा. आधीच जास्त कबूल करून बसला असाल, तर फोन न उचलता दिवस ढकलू नका. "एवढं जमणार नाही, तेवढं जमेल" असं सरळ सांगून टाका. पर्यायी माणूस शोधायला निदान वेळ तरी मिळतो.

मुलांच्या कामात हे सगळ्यात जास्त नडतं. अभ्यासवर्गाला दर थोड्या दिवसांनी नवी ताई किंवा नवा दादा येतो, "मोठेपणी कोण होणार?" विचारतो, अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि परीक्षा तोंडावर आली की दिसेनासा होतो. पोरं हुशार असतात, दोन-तीन ताया येऊन गेल्या की ती ठरलेली उत्तरं द्यायला लागतात. यावर एक वही पुरते. कुठपर्यंत शिकवलं, कुणाचं कुठे अडलं हे त्या-त्या दिवशी लिहून ठेवायचं, तेही बारकाईने. "भागाकार कच्चा" असं लिहून काही कळत नाही. "भागाकारात मधलं शून्य लिहायला विसरते" असं लिहिलं की पुढच्याला नेमकं तिथून धरता येतं. तुम्हाला थांबायचं असेल तर मुलांना आधी सांगा. आणि "पुन्हा येईन" हे खरंच येणार असाल तरच म्हणा.

बालगृहात चार दिवस जाऊन मुलांना जीव लावून येणं तर टाळाच. सारखी बदलणारी माणसं लहान मुलांच्या वाढीला मारक ठरतात. शिवाय काही देशांत पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील हयात असलेली मुलंही अनाथालयात आणून ठेवल्याचं उघड झालं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या बालहक्क ठरावात अशा स्वयंसेवी उपक्रमांबद्दल सावध केलं, ते उगाच नाही. तरी मदत करायची असेल तर तिथल्या कायमच्या कर्मचाऱ्यांचा भार हलका करा.

वस्तू गोळा करण्याआधी विचारा, एवढंच. पूर किंवा भूकंपानंतर न मागता आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग निवडण्यात माणसांचे दिवसच्या दिवस जातात.

पैशांचा मामला अवघड आहे. कुणी फीसाठी हात पसरला की नाही म्हणवत नाही. पण तुम्ही खिशातून दिलेत की शेजारच्या घराला ते कळतं, आणि वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्या कार्यकर्तीला "त्यांना दिलेत, मग आम्हाला का नाही?" हे ऐकावं लागतं. दिले असतील तर लपवू नका. परतही मागू नका. तिच्या कानावर घाला आणि पुढची मागणी संस्थेमार्फतच जाऊ द्या.

फोटोचंही तसंच. हातात मदतीची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस फोटोला नाही म्हणेल का? तेव्हा "हरकत नव्हती" हे कारण माझ्या मते फारसं टिकत नाही. टाकला असेल आणि मनात शंका असेल, तर काढून टाका.

दुःख ऐकताना लगेच सल्ला देऊ नका आणि खोदून विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेत तीनच पायऱ्या आहेत: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात. एखादं मूल "कुणाला सांगणार नाहीस ना?" असं विचारून काही सांगू लागलं, तर तसं वचन देऊ नका. त्याला त्रास होत असल्याचं कळलं तर जबाबदार व्यक्तीला सांगावंच लागतं. ते आधीच मुलाला समजावून सांगा, नाहीतर विश्वासघात झाल्यासारखं त्याला वाटतं.

शेवटची चूक मुरलेल्या स्वयंसेवकांची: थकले तरी राबत राहणं. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये 'बर्नआउट'वर, म्हणजे सतत राबून मन पार थकून जाण्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांना पाहून. तिथे तो स्वतःही विनामोबदला काम करत होता. ज्यांच्यासाठी आलात त्यांचाच राग यायला लागला, "यांना कितीही करा" असं तोंडून निघायला लागलं, की समजा आता थोडं बाजूला व्हायला हवं. लगेच काम सोडायचं कारण नाही. काही दिवस माणसांशी थेट संबंध नसलेलं काम मागून घ्या: पावत्या लावणं, याद्या नीट करणं, हिशेब जुळवणं. ते करायला बहुतेक संस्थांत कुणी तयारच नसतं.