८०५१ च्या बसला बफर लावताय? आधी या चुका टाळा

८०५१ मायक्रोकंट्रोलरला बाहेरची मेमरी जोडायची म्हटलं की बरेच जण आधी २४४ (एका दिशेचा बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारी चिप) आणि २४५ (दोन्ही दिशांचा बफर) टाकूनच सर्किट काढायला घेतात, लोडची बेरीज कुणी करतच नाही. पोर्ट ० (डेटा आणि लो अॅड्रेसचा) आठ एलएस (टीटीएल जातीच्या चिप्स) इनपुट ओढतो आणि पोर्ट २ चार, हे सगळ्यांना पाठ असतं, पण आता बसवर बहुतेक सीमॉस चिप्स, त्यांचे इनपुट करंट घेतातच कुठे? तिथे कपॅसिटन्स मोजायचा. डेटाशीटमधलं टायमिंग पोर्ट ०, एएलई (पत्ता लॅच करायचा सिग्नल) आणि पीसेनवर (प्रोग्राम मेमरी वाचायचा सिग्नल) १०० पिकोफॅरड लोड धरून दिलंय, बाकी पिनांवर ८०. समजा ८२५५ या पोर्ट चिपचे २० आणि २७सी२५६ (ईप्रॉम), ६२२५६ (रॅम), ३७३ लॅच (लो अॅड्रेस धरून ठेवणारी चिप) यांचे १०-१० धरले, झाले ५०, वर ट्रॅकचे थोडे. एकाच बोर्डवर एवढंच असेल तर बफर नकोच. बस केबलने दुसऱ्या बोर्डवर जात असेल तर मात्र लावा, आणि हेही बघा की रीड करताना तोच सगळा लोड मेमरीच्या आउटपुटला ओढावा लागतो, हे हमखास विसरतात.

लो अॅड्रेसला ३७३ च्या पुढे परत २४४ लावू नका, लॅच स्वतःच बफरचं काम करतोय, उगाच डिले वाढतो.

सगळ्यात जास्त घोळ २४५ मध्ये होतो. ए बाजू कंट्रोलरकडे असेल तर डायरेक्शन पिनला आरडी (डेटा वाचायचा सिग्नल) आणि पीसेन यांचा अँड द्या. नुसता आरडी दिला तर डेटा नीट वाचला जातो पण बाहेरच्या ईप्रॉममधून प्रोग्राम काही चालत नाही, आणि माणूस दिवसभर ईप्रॉमच बदलत बसतो. दुसरं म्हणजे इनेबल पिन सरळ ग्राउंड करणं. कंट्रोलरच्याच बाजूला एखादी रॅम असेल तर ती वाचताना रॅम आणि २४५ दोघंही बसवर भांडतात, कधी बरोबर बाइट येतो कधी कचरा, आणि २४५ चांगलाच तापतो. इनेबल डीकोडरवरून घ्या, बाहेरच्या बोर्डचा पत्ता आला तरच चालू.

एलएसच्या आउटपुटपुढे एचसी (सीमॉस जात) नको, एचसीटी (एलएसची पातळी ओळखणारी सीमॉस) घ्या, कारण एलएसचा हाय २.७ व्होल्टपर्यंत खाली असू शकतो आणि ५ व्होल्टवर एचसीला ३.५ लागतात. प्रत्येक बफरजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, आठही लाइन एकदम पलटल्या की ग्राउंड हलतं.

आणि स्कोपचा प्रोब लावला की बोर्ड बंद पडतो किंवा उलट चालू होतो, असं झालं तर प्रोग्राममध्ये चूक शोधायच्या आधी टायमिंग तपासा, प्रोबच्या दहा-पंधरा पिकोफॅरडने फरक पडतोय म्हणजे मार्जिन उरलेलंच नाही.