चित्राखालचं नाव झाकून चित्रकार ओळखायचा कसा?

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये एक जलरंगातलं चित्र आहे. काळोख्या पार्श्वभूमीवर साडी नेसलेली एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांमधून उजेड तांबूस होऊन झिरपतो आणि तिचा चेहरा उजळतो. हे चित्र वर्षानुवर्षं राजा रविवर्मा यांच्या नावावर खपवलं जातं. प्रत्यक्षात ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं, ‘ग्लो ऑफ होप’. समोर दिवा धरून उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. चित्र १९४०च्या दशकातलं आहे आणि रविवर्मा तर १९०६ सालीच गेले होते.

इतकी मोठी चूक इतकी वर्षं का टिकली? साडी, देखणा चेहरा, मऊ प्रकाश दिसला की आपल्या तोंडून रविवर्मांचं नाव आपोआप निघतं, म्हणून. हळदणकरांसारख्या कसलेल्या जलरंगकाराचं श्रेय त्यामुळे त्यांना मिळायचं राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चित्रकार ओळखायला शिकणं हा खेळ आहेच, पण त्याने असा अन्यायही थोडा कमी होतो. भारतीय चित्रकलेतली उदाहरणं घेऊन तो कसा खेळायचा ते पाहू.

पहिली पायरी : विषयावरून नाव घेऊ नका

घोडा म्हणजे एम. एफ. हुसेन, बिंदू म्हणजे एस. एच. रझा, पौराणिक प्रसंग म्हणजे रविवर्मा, ही समीकरणं आधी डोक्यातून काढा. घोडे कोलकात्याच्या सुनील दास यांनीही आयुष्यभर काढले. त्यांचे कोळशातले घोडे अंगापिंडाने खरे वाटतात, स्नायू ताणलेले दिसतात. हुसेन यांचा घोडा जाड रेषेत कोनाकोनांनी बांधलेला असतो, मान वळलेली, दात विचकलेले. विषय एक, हात दोन. चित्रात काय आहे ते क्षणभर विसरा आणि ते कसं काढलंय तिकडे बघा.

दुसरी पायरी : माध्यम ओळखा

तैलरंग की जलरंग, कॅनव्हास की कागद, हे कळलं की निम्मी नावं गळून पडतात. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे बहुतेकदा कोरा सोडलेला कागद, त्यावर पातळ रंगाचे थर. तैलरंगात उजेड वरून लावतात. दागिन्यावरचा चमकता ठिपका सगळ्यात शेवटी बसतो. रविवर्मांची कीर्ती तैलचित्रांवर उभी आहे. म्हणजे दिवेवाल्या तरुणीचं चित्र जलरंगात आहे एवढं लक्षात आलं असतं, तरी पहिली शंका तिथेच यायला हवी होती.

बंगालचे चित्रकार जामिनी रॉय यांनी नंतरच्या काळात पाश्चात्त्य पद्धतीचा कॅनव्हास बाजूला ठेवला. कापड, चटई, लाकूड अशा पृष्ठभागांवर माती-दगड-वनस्पतींपासून केलेले रंग वापरले. म्हणून त्यांच्या चित्रांत चकाकी नाही, रंग कोरडे आणि सपाट बसतात.

तिसरी पायरी : काळ ठरवा

नावाआधी दशक ओळखायचा प्रयत्न करा. साडीची नेसण, केसांची ठेवण, खोलीतलं सामान, रस्त्यावरचं वाहन हे सगळं साक्ष देतं. पौराणिक चित्रात ही साक्ष फसवी असते, कारण चित्रकार मुद्दाम जुनं रूप देतो. तिथे रंगवण्याची रीत बघा. सगळं गुळगुळीत आणि खोली दाखवणारं असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय शिक्षणाचा वारसा. आकार सपाट, रेषा ठळक असेल तर विसाव्या शतकाकडे वळा.

चित्रकार बदलतात, हेही धरून चाला. अमृता शेरगिल यांचं १९३२ चं ‘यंग गर्ल्स’ पॅरिसमधलं आहे, तिथल्या शिक्षणाची छाप स्पष्ट दिसते. १९३५ चं ‘थ्री गर्ल्स’ बघा : तीन मुली बसल्यात, कुणी कुणाकडे पाहत नाही, पार्श्वभूमी जवळपास रिकामी. १९३६ मध्ये त्यांनी अजिंठा पाहिलं आणि १९३७ च्या ‘ब्रह्मचारी’, ‘ब्राइड्स टॉयलेट’ या चित्रांत ते झिरपलेलं दिसतं. पाच वर्षांत एकाच हाताची तीन रूपं. रझांचंही तसंच. बिंदूच तेवढा माहीत असलेल्या माणसाला त्यांची १९४०च्या दशकातली मुंबईची जलरंगातली निसर्गचित्रं दाखवा. तो नाव सांगू शकणार नाही.

चौथी पायरी : हाताच्या सवयी शोधा

खरी मजा इथे आहे, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच द्यावा. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन जाणकाराने एक साधी गोष्ट सांगितली : चेहरा आणि भाव यांवर चित्रकार जपून काम करतो, तिथे नक्कलही जपून होते, पण कानाची पाळी, नखं, बोटं तो सवयीने काढून जातो. म्हणून तिकडे बघा. ड्रेस्डेनच्या संग्रहालयातलं निजलेल्या व्हीनसचं चित्र, जे भलत्याच कुणाचं नक्कलचित्र म्हणून नोंदलेलं होतं, ते जॉर्जोने या इटालियन चित्रकाराचं असल्याचं त्यानेच ओळखलं. आपण ओळखीच्या माणसाचं अक्षर ओळखतो ते मजकुरावरून नाही, ‘र’ आणि ‘ल’च्या वळणावरून. तसंच हे.

आपल्या चित्रकारांच्या अशा सवयी कोणत्या?

रविवर्मांच्या नायिका नाटकातल्या प्रवेशासारख्या उभ्या असतात. मान किंचित वळलेली, नजर तिरपी, जरीचा काठ आणि मोती जवळून बघावेत असे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जीव मात्र माणसांच्या गर्दीत रमतो. कोल्हापूरला जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये हयात घालवलेले धुरंधर मुंबईच्या रस्त्यावरची, लग्नघरातली माणसं काढतात. त्यांची बाई पोज देत नाही, ती कामात असते. पदर खोचलेला, पाऊल उचललेलं, शेजारणीशी बोलणं चालू. दोघांच्याही चित्रांत नऊवारी आहे. फरक निऱ्यांमध्ये बघा. रविवर्मांच्या निऱ्या रेशमाचा तलमपणा दाखवायला पडलेल्या असतात, धुरंधरांच्या निऱ्या चालण्याने हललेल्या.

गोव्याच्या अंतोनियो झेवियर ट्रिंदाद यांच्या व्यक्तिचित्रांत उजेड एका बाजूने येतो आणि बाकीचं अंधारात विरतं. उजेड-अंधारासाठी नावाजलेल्या डच चित्रकाराच्या नावाने त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत ते उगाच नाही. साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचं डोकं हेरायला एक क्षण पुरतो : डोळे थेट कपाळावर चढलेले, गालांवर काळ्या आडव्यातिडव्या रेषांची जाळी. जामिनी रॉय यांचे डोळे लांब, बदामी, कधी चेहऱ्याच्या कडेपर्यंत ओढलेले, आणि भोवती एका दमात मारलेली जाड बाह्यरेषा. तय्यब मेहतांच्या चित्राला बऱ्याचदा एक तिरका छेद असतो, रंग सपाट, माणूस तुटल्यासारखा. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली होती. तो मोठा, न अडखळणारा फटकारा त्यांच्या हातातून कधी गेला नाही. चेहरे मात्र ते कितीदा तरी कोरे सोडतात.

अमूर्त चित्रापुढे लोक हात टेकतात, पण तिथेही हात दिसतोच. वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) थरावर थर चढवले, खरवडले, पुन्हा चढवले. त्यामुळे उजेड वरून पडल्यासारखा वाटत नाही, आतून वर येतो. राम कुमार यांच्या वाराणसीच्या चित्रांतल्या रंगपट्ट्या एकमेकींवर कललेल्या, घाट-घरांची आठवण ठेवणाऱ्या. दोघांची चित्रं शेजारी ठेवून पाहिलीत की पुन्हा गफलत होणार नाही.

पाचवी पायरी : सही सगळ्यात शेवटी

सही आधी वाचली की डोळे काम थांबवतात. शिवाय सही खोटी असू शकते, नंतर घातलेली असू शकते. तरी तिच्या सवयी ठाऊक असाव्यात. सोझांची सही सालासकट बहुतेकदा वरच्या कोपऱ्यात. हुसेन देवनागरीतही करत आणि उर्दूतही. जामिनी रॉय यांची बंगालीत. पण त्यांच्या घरी कार्यशाळेसारखं काम चाले, घरची माणसं हातभार लावत, म्हणून तिथे सही असूनही जाणकार जपून बोलतात. गायतोंडे मागच्या बाजूला सही करत, तेव्हा समोर सही नाही म्हणून चित्र बेवारस ठरवू नका.

अंदाज कसा तपासायचा

इंटरनेटवर दहा ठिकाणी एकच नाव दिसलं तर ते दहा साक्षीदार नव्हेत. बहुधा एकाची चूक नऊ जणांनी उतरवून घेतलेली असते. ज्या संग्रहालयात मूळ चित्र आहे त्याची नोंद शोधा. तिथे माध्यम, आकार आणि साल मिळतं. आकार जरूर वाचा, कारण मोबाइलवर भिंतीएवढा कॅनव्हास आणि वहीएवढा कागद सारखेच दिसतात. रंगांवर फार विसंबू नका, प्रत्येक फोटोत ते वेगळे येतात.

सरावाला प्रत्यक्ष चित्रांइतकं चांगलं काही नाही. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, साताऱ्याजवळ औंधला पंतप्रतिनिधींनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, आणि ट्रिंदाद यांच्यासाठी पणजीची फुंदासांव ओरिएंत ही संस्था. पाटी न वाचता चित्रासमोर उभे राहा. आधी काळ, मग घराणं किंवा शहर, मग नाव, या क्रमाने मनात उत्तर बांधा आणि प्रत्येकाला एक डोळ्यांना दिसणारं कारण द्या. ‘वाटतं तसं’ हे कारण धरू नका. नाव चुकलं पण दशक आणि शहर बरोबर आलं, तर तुम्ही चांगले बघताय. सोबत कुणी असेल तर मोठ्याने वाद घाला. दुसऱ्याला पटवताना आपण काय नीट पाहिलंच नाही ते कळतं.

घरातल्या भिंतीवर ‘रविवर्मा’ असेल तर

पुष्कळ मराठी घरांत जुन्या फ्रेममध्ये लक्ष्मी किंवा सरस्वती असते आणि ती ‘ओरिजिनल रविवर्मा’ असल्याचं घरात सांगितलं जातं. भिंग घेऊन बघा. बारीक ठिपक्यांनी रंग बनलेला दिसला तर तो छाप आहे, हाताने रंगवलेलं चित्र नाही. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून चित्रं छापण्याचा, छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. नंतर तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला, छपाई चालूच राहिली आणि इतर चित्रकारांची चित्रंही तिथून निघाली. म्हणून खालच्या कडेला छापखान्याचं नाव दिसलं तरी चित्रकार रविवर्माच, असं लगेच धरू नका. आत्ताच शिकलेल्या सवयी तिथेही तपासा. चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, आणि नवी फ्रेम करताना जुन्याच्या पाठीवरचा दुकानाचा शिक्का, चिकटवलेला कागद किंवा पेन्सिलीने लिहिलेली ओळ असेल तर आधी त्यांचा फोटो काढून ठेवा.