माजघरात कॅमेरा लावण्याआधी

कमी बजेटच्या फिल्मसाठी कोकणातलं कौलारू घर मिळालं की दिग्दर्शक आधी अंगणाच्या प्रेमात पडतो. पडू दे. तुम्ही कॅमेरामन, तुम्ही माजघरात जाऊन बसा, सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत. एकाच कोपऱ्यातून दर अर्ध्या तासाने फोनवर फोटो काढा. छपरात काचेचं कौल असेल तर कवडसा कुठून कुठे जातो ते जमिनीवर खडूने आखा. अर्ध्या तासात तो सहज हातभर सरकतो. मी एकदा हे टाळलं. आजी तांदूळ निवडतेय, कवडसा नेमका सुपात, असा मास्टर शॉट, म्हणजे अख्खा सीन एका फ्रेममध्ये, घेतला; जेवून क्लोजअपला आलो तर कवडसा भिंतीवर! सीन शेवटपर्यंत जुळला नाही.

शेणाने सारवलेली जमीन प्रकाश पिऊन टाकते. वरून उजेड येतो, खालून काहीच परतत नाही, मग डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. लगेच लाइट मागवू नका. कवडसा पडतो तिथे, फ्रेमच्या बाहेर, पांढरं धोतर अंथरा. (नवं कोरं नको, निळीची झाक मारतं.) सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी, १९५६ साली, कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर पांढरं कापड ताणून खालून त्यावर लाइट मारले होते. उघड्या आभाळाचा मऊ उजेड त्यातून आला. त्यांनी डोक्यावर केलं ते आपण पायाशी करायचं, इतकंच.

दाराबाहेर जांभ्याची भिंत असेल तर ऊन तिच्यावर आल्यावर गालांवर तांबूस झाक येते. शेजाऱ्यांनी निळी ताडपत्री बांधली असेल तर निळी. भिंतीवर चादर टाका, ताडपत्री गोड बोलून सोडवून घ्या. ‘ग्रेडिंगमध्ये बघू’, म्हणजे शूटिंगनंतर रंग-उजेड जुळवताना बघू, म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गालावरचा तांबडा काढायला गेलात की लुगड्याचाही उतरतो.

घरातले दिवे फ्रेममध्ये असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते, तपासा; कॅमेऱ्यावर ते अंशांत असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाला २४ फ्रेम असताना १८० अंशांचं शटर १/४८ सेकंद होतं; १७२.८ ठेवलंत की बरोबर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये नेमके दोन लुकलुकाट, आणि चित्र फडफडत नाही. देवघरातला स्वस्त एलईडी तरीही फडफडला तर त्याच्या जागी साधा पिवळा बल्ब लावा.

आणि पैशांचं बोलताना शूटिंगच्या दिवसांबरोबर ग्रेडिंगचे दिवसही कागदावर घ्या, निदान दोन. पहिल्या फिल्मला मला संकोच वाटला, मी मागितलेच नाहीत. थेट पडद्यावर पाहिलं तेव्हा मी अंधारात ठेवलेलं माजघर कुणीतरी लख्ख उजळून ठेवलं होतं. मागची उतरंड दिसत होती, फळीवरचे डबे दिसत होते, आणि कोपऱ्यात, इथे कोण बघतंय म्हणून मी उभा करून ठेवलेला थर्माकोलही.