उन्हाळी सहलीत भरपूर चालायचंय? चप्पल-बूट असे निवडा

परीक्षा संपल्या की ठाण्यातली अर्धी घरं जयपूर, अमृतसर, म्हैसूर नाहीतर हैदराबादच्या वाटेला लागतात. हॉटेल, तिकिटं, जेवण यांवर महिनाभर खल होतो आणि पायात काय घालायचं, हे निघायच्या आदल्या रात्री ठरतं. मग ऑफिसचे बूट तरी जातात, नाहीतर सेलमधून आणलेली कोरी करकरीत जोडी. शहर बघायचं म्हणजे दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, म्हणजे दहा ते चौदा किलोमीटर, आणि तेही तापलेल्या दगडावरून. रोज धावतपळत लोकल पकडणाऱ्यालाही एवढ्या चालण्याची सवय नसते.

याबाबतचे बहुतेक सल्ले ‘चांगल्या कंपनीचे स्पोर्ट्स शूज घ्या’ इथे येऊन थांबतात. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न वेगळा आहे: दिवसभरात ते कितीदा काढावे लागणार?

आधी कार्यक्रम, मग दुकान

कागद घ्या आणि रोज बघायच्या जागा लिहा. प्रत्येक जागेपुढे तीनच गोष्टी टिपा: चप्पल काढावी लागेल का, चढ-पायऱ्या आहेत का, उन्हात किती वेळ जाईल.

उदाहरणार्थ, म्हैसूरच्या राजवाड्यात चप्पल-बूट बाहेर ठेवूनच आत जावं लागतं. त्याच दिवशी चामुंडी टेकडीवरचं देऊळ केलंत तर दोनदा काढ-घाल झाली. अमृतसरला सुवर्णमंदिरात जोडे जोडाघरात द्यायचे आणि दाराशी असलेल्या उथळ पाण्यातून पाय धुऊन आत जायचं. म्हणजे परत येताना पाय ओले असण्याची शक्यता धरूनच चाला. जयपूरला आमेरच्या किल्ल्याचा चढ आहे. तिथला १७९९ सालचा हवामहल मात्र गुडघे दुखणाऱ्यांना जरा बरा, कारण वर जायला पायऱ्यांऐवजी बहुतांशी उतरणी आहेत. गोवळकोंड्याला माथ्यापर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या, त्यात जुन्या, गुळगुळीत झालेल्या.

आता हिशेब सोपा आहे. दिवसात तीन-चारदा काढ-घाल असेल तर मागे पट्टा असलेली सँडल. एकदाच काढायची असेल आणि चढ-उतार जास्त असेल तर नाडीचे बूट. दोन्ही प्रकारचे दिवस असतील तर दोन्ही न्या. अगदी एकच जोडी न्यायची म्हटलं तर मी उन्हाळ्यात सँडलच्या बाजूने कौल देईन, पण ती ‘फ्लोटर’ जातीची, जाड सोलची. नाजूक, दिखाऊ सँडल या चर्चेत धरूच नका.

माळ्यावरची जोडी काढाल तर थांबा

‘आहेत की गेल्या वर्षीचे, दोनदाच घातलेत’ असं म्हणून माळ्यावरून खोका उतरवला जातो. ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत हे धोक्याचं आहे. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, सोल दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून कुजतो. हवेतली बाष्पं त्या फोमचे बंध हळूहळू तोडतात. वरून जोडी नवी दिसते आणि पहिल्याच दिवशी भर बाजारात सोलचा खारीसारखा चुरा होतो. जुनी जोडी न्यायचीच असेल तर सोल अंगठ्याने जोरात दाबा, वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला चिकट लागलं तर ती जोडी भाजी आणायलाही नको.

पाय मोजा, तेही संध्याकाळी

दिवसभर उभं राहून, चालून आणि उन्हाने पाय थोडे सुजतात. सहलीत तर जास्तच. म्हणून खरेदी सकाळी न करता संध्याकाळी, ऑफिसातून परतताना करा. गोखले रोडवर आणि राम मारुती रोडवर तेव्हा गर्दी असते खरी, पण तुमच्या पायाचं खरं माप तेव्हाचंच.

निघायच्या आधी घरी एक काम करा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. बसून मोजू नका, कारण अंगाचा भार पडल्यावर पाऊल पसरतं. सर्वात पुढच्या बोटाशी खूण करून अंतर मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पावलं मोजा आणि जे मोठं निघेल त्याच्या मापाने घ्या. त्या अंतरात साधारण एक सेंटिमीटर मिळवा. बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर नंबरांसोबत बहुतेक वेळा सेंटिमीटरही छापलेले असतात, ते ताडून बघा. आपल्याकडे चालणाऱ्या यूके मापात एका नंबराचा फरक जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे ‘मी नेहमी आठच घेतो’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. एका कंपनीचा आठ दुसरीच्या साडेसात नंबराएवढा निघू शकतो.

दुकानात करायच्या परीक्षा

विक्रेता म्हणेल, ‘घातल्यावर सैल होईल, लेदर आहे.’ विश्वास ठेवू नका. चामडं थोडं रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. आणि स्पोर्ट्स शूजच्या जाळीदार कापडाकडून तर तेवढीही अपेक्षा ठेवू नका.

पहिली परीक्षा इनसोलची, आणि मला विचाराल तर हीच सर्वात भरवशाची. बुटातला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पाऊल ठेवून उभे राहा. पुढे बोटभर जागा उरली पाहिजे आणि पाऊल दोन्ही बाजूंनी कडेच्या आत राहिलं पाहिजे. करंगळी किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा कडेबाहेर येत असेल तर तो बूट तिथे घासणारच. आरशात कितीही छान दिसो.

मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्याखाली, म्हणजे आपली बोटं जिथे वाकतात तिथे, दुमडला पाहिजे. बरोबर मधोमध दुमडत असेल तर तळव्याच्या कमानीला आधार मिळणार नाही. अजिबातच वाकत नसेल तर प्रत्येक पावलाला टाच वर सरकेल. टाचेमागचा भाग बोटांनी दाबून बघा, तो कडक हवा. सोल पातळ असेल तर तापलेल्या फरशीची धग आत येते, खडेही टोचतात. ईव्हीए फोमचा सोल हलका आणि मऊ असतो, खाली रबराचा थर असेल तर तो कमी झिजतो आणि घसरत नाही. खूप मऊ, पाय रुतेल असा सोल दुकानात स्वर्गसुख देतो, पण तासाभराने पाऊल डुगडुगायला लागतं.

सँडल बघताना पट्ट्यांना आतून बोट फिरवा. शिवण उघडी असेल, कड धारदार असेल तर ती सोडून द्या. पुढचा, वरचा आणि मागचा असे तिन्ही पट्टे कमी-जास्त करता आले तर उत्तम, कारण सुजेच्या हिशेबाने ते संध्याकाळी सैल करता येतात. मागचा पट्टा नसलेल्या चपलेत पाय निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळून धरली जातात. दिवसभर तेच केलं की तळवा आणि नडगी भरून येते. स्लिपर, छिद्रांचे रबरी क्लॉग हॉटेलच्या खोलीत आणि रेल्वेच्या डब्यात घाला.

कोल्हापुरीबद्दल थोडं सांगायला हवं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने तिच्याच धाटणीच्या सँडल मिरवल्या आणि नंतर भारतीय मुळं मान्य केली. सगळा अभिमान ठेवून सांगते, नवी कोल्हापुरी घालून चौदा किलोमीटर चालू नका. सोल सपाट, चामडं कडक, अंगठा चावणारच. महिनाभर तेल लावून, घरात घालून मऊ केलेली असेल तर संध्याकाळच्या जेवणाला जरूर न्या.

आणि साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज कसे दिसतील, हा प्रश्न. दिसतील तसे दिसतील. फोटोत पाय कुणी बघत नाही, लंगडताना मात्र सगळे बघतात.

मोजे

सुती मोजे घाम शोषतात आणि ओले राहतात. ओली, गरम त्वचा घासली की फोड येतो, एवढं त्याचं साधं कारण आहे. घाम बाहेर सोडणारे पॉलिएस्टर-नायलॉन मिश्रणाचे, घोट्याच्या वर येणारे मोजे घ्या. शिवण बोटांवर टोचत नाही ना, बघा. रोज दोन जोड बॅगेत ठेवा आणि दुपारी जेवताना बदला. दुकानातही हेच मोजे घालून बूट बघा.

एक जाड सुती जोड मात्र वेगळा ठेवा, तो देवळांसाठी. मे महिन्यात दुपारी बाराला देवळाच्या आवारातल्या दगडावर अनवाणी पाऊल ठेवणं म्हणजे शिक्षा, आणि मोजे घातलेले अनेक ठिकाणी चालतात. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे ऐच्छिक समजू नका. पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसल्याचं कळतही नाही, फोड रात्री दिसतो. अशा माणसाने एक तर मोजे घालावेत, नाहीतर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर दर्शन घ्यावं.

ठाण्यातच रंगीत तालीम

नवी जोडी निघण्याआधी किमान दोन आठवडे घरात यावी. आधी घरात घाला, मग बाजारहाट, मग एकदा पुरती तालीम.

नौपाड्यातून निघा, तलावपाळीला दोन फेऱ्या मारा. कोपिनेश्वराच्या देवळात जोडी काढा, दर्शन घ्या, बाहेर येऊन पुन्हा घाला. उभ्या उभ्या, कशालाही न टेकता घालता आली का? पाचजणांच्या कुटुंबात प्रत्येकाला नाडी बांधायला बाक शोधावा लागला तर सहलीत प्रत्येक देवळापाशी दहा मिनिटं जाणार, हे इथेच कळतं. तिथून जांभळी नाक्याच्या गर्दीतून स्टेशनला या आणि पुलाचे जिने चढा-उतरा. वाटेत वरखाली झालेले पेव्हर ब्लॉक लागतीलच. घोटा कुठे वळतो, ते त्यांच्यावर लगेच समजतं. नवी मुंबईकरांनी नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला किंवा वाशीच्या सागर विहारला फेऱ्या माराव्यात, पण तिथली वाट सपाट आहे. म्हणून सोसायटीच्या पार्किंगचा उतार चार वेळा उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आपटत असतील तर नंबर लहान आहे किंवा नाडी सैल आहे.

ते नाडीवर निघत असेल तर उपाय आहे. स्पोर्ट्स शूजला सर्वात वर, जरा मागे, एक जादा भोक असतं आणि बहुतेकांनी ते कधी वापरलेलं नसतं. नाडी आडवी न नेता त्याच बाजूच्या या भोकातून आत घाला, म्हणजे बाहेर एक छोटा फासा उरेल. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं टोक उजव्या फाशातून ओवा, दोन्ही टोकं खाली-मागे ओढा आणि नेहमीसारखी गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते आणि पुढे बोटं मोकळी राहतात.

तालमीत टाचेला किंवा करंगळीला लाल डाग आला तर तो कुठे आला, ते लक्षात ठेवा.

सहलीत

त्या लाल डागाच्या जागी रोज सकाळी, त्वचा कोरडी असताना, मेडिकलच्या दुकानातली कागदी सर्जिकल टेप लावा. सुरकुती राहू देऊ नका. दिवसा कुठेही गरम-गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा आणि टेप लावा. ‘हॉटेलवर गेल्यावर बघू’ म्हटलं की फोड आलाच समजा. आलाच, तर वरची कातडी सोलू नका, स्वच्छ पट्टीने झाका. मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा.

नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. बॅगेत छोटा पंचा ठेवा, सुवर्णमंदिरासारख्या ठिकाणी पाय बोटांच्या बेचक्यांसकट पुसूनच मोजे चढवा. सँडल घालणार असाल तर पावलावरही सनस्क्रीन लावा, नाहीतर पट्ट्यांची नक्षी दिवाळीपर्यंत टिकते. रात्रभर गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसलात तर सकाळी बूट घट्ट वाटतील. घाबरू नका, नाडी सैल करून चाला, सूज उतरली की पुन्हा आवळा.

मुलांचं माप निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा, पाय तेवढ्यातही वाढलेला असतो. आईबाबांची डॉक्टरांनी दिलेली चप्पल असेल तर ती बदलायचा आग्रह धरू नका. फक्त तिला मागून पट्टा शिवून मिळतो का, ते चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारा.

रात्री बुटांतले इनसोल बाहेर काढून ठेवा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओल शोषली जाते. तरी घामाने भिजलेला बूट पुरता वाळायला दिवसभर लागतो, म्हणून शक्य तर एक दिवस बूट, एक दिवस सँडल. घरी परतल्यावर जोडी धुतलीत तर सावलीत वाळवा, कडक उन्हात सोलचा डिंक सुटतो. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बुरशी धरते. कपाटात मोकळी ठेवा आणि आठवड्यातून एकदा घालून तलावपाळीला फेरी मारा.