एक बल्ब काढून बघू द्या: नववीच्या वर्गात सिम्युलेशन कसं वापरावं

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मी विज्ञान शिकवते. वेबवरचं कुठलंही पान वर्गात दाखवण्याआधी मी एकच गोष्ट तपासते: मुलाने काही बदललं, तर समोर त्याचा परिणाम दिसतो का? परिपथाची आकृती असलेलं पान कितीही वेळा उघडा, तेच दिसतं. व्हिडिओचंही तसंच, मूल नुसतं बघत बसतं.

विद्युत परिपथासाठी मी फेट (PhET) या वेबसाइटवरचं सिम्युलेशन वापरते, म्हणजे पडद्यावरच वायर, बॅटरी, बल्ब जोडून बघायचा आभासी प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा उपक्रम फुकट आहे. आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, म्हणून सिम्युलेशनची फाइल आदल्या दिवशीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा. मग ती नेटशिवाय चालते.

पहिल्या वर्षी मी लॅपटॉप थेट मुलांच्या हाती दिला. बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली की पडद्यावर जाळ दिसतो. तो बघण्यातच तास गेला. आता आधी प्रश्न फळ्यावर लिहिते: ‘दोन बल्ब एकसर (एकाच वाटेवर एकापुढे एक) जोडले आणि एक काढला, तर दुसऱ्याचं काय होईल?’ प्रत्येकाने अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. वही भरल्याशिवाय माउसला हात नाही. ही पाच मिनिटं अजिबात वाचवू नका, सगळं शिकणं इथेच सुरू होतं. अंदाज चुकला की मूल स्वतःच ‘का’ विचारतं.

मग जोडणी. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा एक बल्ब, वीजप्रवाह मोजणाऱ्या अमीटरवर ०.९० अँपिअर. दुसरा तसाच बल्ब एकसर जोडला की ०.४५, आणि उजेडही मंद. मग एक बल्ब काढायचा. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, एक काढा ते दुसरा बी बुझी गया!’ त्याला तिथेच थांबवून वीज कुठे अडली ते बोटाने दाखवायला लावलं. समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक बल्ब बॅटरीला वेगळ्या वाटेने जोडला की, मात्र दोन्ही बल्ब पूर्ण उजळतात, प्रत्येकातून ०.९० अँपिअर जातो. घरच्या बोर्डात यातलं काहीही करायचं नाही, हे दरवेळी बजावून सांगा.

नुसत्या आकृतीचं स्थिर पान आता उघडा. व्याख्या, सूत्र, आकडेमोड यांसाठी ते उत्तमच, कमी रेंजमध्येही उघडतं आणि उजळणीला छापून देता येतं. पण ते आधी दिलं तर मुलं पानावरचंच उत्तर अंदाज म्हणून उतरवतात.

गृहपाठात मी घरातली जोडणी ओळखायला सांगते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी समांतर जोडणी आहे. आजी टीव्ही बंद करते तरी माझा पंखा फिरतो.’