जुनी बंडीवाट कशी शोधावी?

बंडी म्हणजे बैलगाडी. तिची जुनी वाट शोधायला शेतात उतरण्याआधी कागद पाहा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्या. त्यावर दुबार तुटक रेषा असली तर तो गाडीमार्ग, रुंदी साधारण 16½ ते 21 फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, 8¼ फूट. नकाशात सापडली नाही तर वाजिब-उल-अर्ज मागा. विदर्भातल्या गावांच्या या दस्तात वहिवाटीचे हक्क नोंदलेले असतात. बहुतेक जण सातबारा पाहून परततात, तिथंच वाट हरवते.

आता रानात. तूर-कापूस निघून रान मोकळं झालं की सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उन्हात चाकोऱ्या उठून दिसतात. दोन चाकोऱ्यांमधलं अंतर साडेचार-पाच फुटांच्या आसपास भरलं तर बंडीची शक्यता.

वाट कुठून जाईल हे बैलाच्या बाजूनं ठरवा. पावसाळ्यात काळ्या कन्हार मातीत भरली बंडी आसापर्यंत रुतते, म्हणून मोठ्या वाटा शक्यतो बरडावरून, मुरमाड उंचवट्यावरून जात. काळीतून जावंच लागलं तर वाट खोल होत जाते: चाकं माती दळतात, पाऊस ती वाहून नेतो आणि दोन्ही धुऱ्यांच्या (शेताच्या बांधांच्या) मध्ये पांधण तयार होते. हिलाच लोक नाला समजतात. फरक सोपा आहे. पांधणीची रुंदी बरीचशी सारखी राहते. नाला वळणावर बाहेरचा काठ खातो. रामटेक-मौद्याकडे उलटी चूक होते: पेंच कालव्यालगतचा सपाट रस्ता जुना वाटतो, पण तो कालव्याबरोबरचा.

सगळ्यात भरवशाची खूण नाल्यावरचा उतार. भरली बंडी उभ्या काठावरून उतरवली तर जू बैलांच्या मानेवर दाबतं, म्हणून काठ तिरपा कापलेला आणि बऱ्याचदा तळाला दगड टाकलेले सापडतात. दोन्ही काठांचे उतार समोरासमोर आले की वाटेची दिशा मिळाली.

पडाव शोधताना पाणी आणि सावली एकत्र बघा: विहीर आणि जवळ जुनी चिंच किंवा वड. भरल्या बंडीचा दिवसाचा पल्ला 20-25 किलोमीटर, त्यामुळे पुढचा मुक्काम साधारण तेवढ्यावर.

वाट कुणी नुकतीच अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मुदत अडथळ्यापासून सहा महिने.